चर्चा: किनाऱ्यावरच्या विहिरींना ‘याखाली उपसा बंद’ अशी पातळी ठरवून द्यावी का?

सदाशिवगड_काठ

प्रस्ताव असा. कर्नाटकच्या किनाऱ्यावर माजाळीपासून कुमठ्यापर्यंत समुद्राला आणि खाड्यांना लागून जो वाळूचा पट्टा आहे, तिथल्या विहिरी-बोअरसाठी पाण्याची किमान पातळी ठरवावी. पातळी त्याखाली उतरली की त्या पट्ट्यातला मोटारीचा उपसा आधी निम्मा करायचा, तरी उतरत राहिली तर बंद. घागरीने आणि रहाटाने काढतात ते पाणी यातून वगळावं.

समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा अडीच टक्के जड असतं. त्यामुळे समुद्रसपाटीच्या वर 1 मीटर गोडं पाणी उभं असेल तर खाली साधारण 40 मीटरपर्यंत गोडा थर टिकतो. हॉलंडच्या घायबेनने 1888 मध्ये आणि जर्मनीच्या हर्झबर्गने 1901 मध्ये हा हिशोब मांडला. तोच उलटा वाचा. वर 30 सेंटिमीटर घटले की खाली 12 मीटर गोडं पाणी गेलं.

किमान पातळी काढायलाही हाच हिशोब. वाळूचा थर समुद्रसपाटीच्या खाली 20 मीटरपर्यंत असेल तर 20 ला 40 ने भागा. पाणी समुद्रसपाटीच्या वर निदान अर्धा मीटर हवंच. गोड्या-खाऱ्याची सीमा रेघ मारल्यासारखी नसते, भरती-ओहोटीने मधे मचूळ पट्टा तयार होतो. त्यासाठी आणखी 20-30 सेंटिमीटर धरा.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायची: हे माप जमिनीपासून घ्यायचं नाही. विहिरीच्या कठड्याची उंची सर्व्हे ऑफ इंडियाच्या बेंचमार्कवरून (समुद्रसपाटीपासूनची उंची नोंदलेली खूण) लेव्हल लावून आधी काढायची आणि कठड्यावर रंगाने खूण करायची. ‘पाणी पंधरा फुटांवर आहे’ या वाक्याला किनाऱ्यावर काहीच अर्थ नाही.

जांभा_झरा

हिशोब बरोबर आहे, जागा चुकली. 40 चा नियम चालतो तो एकसारख्या वाळूत आणि जवळपास स्थिर पाण्यात. कारवार-अंकोल्याला वाळूचा पट्टा अरुंद. तो संपला की जांभा, आणि त्याखाली नाइसचा कठीण खडक. जांभ्यात पाणी भोकाभोकांतून पळतं, खडकात फक्त भेगांतून. 60 मीटरच्या बोअरला खाडीकडून आलेली एखादी भेग लागली तर मोटार बंद असताना पातळी समुद्राच्या दोन मीटर वर दिसेल आणि मोटार चालू झाली की 25 मीटर खाली जाईल. तुमच्या वहीत नोंद कुठली होणार? पहाटेची. म्हणजे सगळं ठीक.

शिवाय पातळी हे आडवळणाचं माप झालं. खारेपणा हवा तर खारेपणाच मोजा. कॅलिफोर्नियाच्या 2014 च्या भूजल कायद्यात इतर संकटांसाठी किमान पातळ्या आहेत, पण समुद्राच्या पाण्यासाठी क्लोराइडची सीमारेषा नकाशावर आखावी लागते. ती रेषा जमिनीकडे सरकली की धोका. हे जास्त प्रामाणिक वाटतं.

सदाशिवगड_काठ

खडकातल्या बोअरबद्दल मान्य. तिथे चालू मोटारीची पातळी नोंदवावी आणि तिलाच मर्यादा घालावी. पण क्लोराइडवर एकट्यावर भिस्त ठेवू नका, कारण ते उशिरा बोलतं. पातळी डिसेंबरात घसरली तर खारं पाणी विहिरीत यायला एप्रिल उजाडतो, कधी दोन-तीन वर्षंही जातात. आणि एकदा आलं की एका पावसाने जात नाही. वाळूच्या कणांत आणि चिकणमातीत मीठ धरून राहतं, पातळी सुधारल्यावरही विहीर वर्षानुवर्षं मचूळ राहते. क्लोराइड वाढलेलं दिसेपर्यंत वेळ गेलेली असते.

मोजायचंच तर नीट मोजा. समुद्राच्या पाण्यात क्लोराइड लिटरला 19,000 मिलिग्रॅमच्या आसपास. पिण्यासाठी भारतीय मानकाची इष्ट मर्यादा 250, दुसरं पाणी नसेल तर 1,000. शंभर घागरींत दोन घागरी समुद्राच्या असल्या तरी आकडा चारशेच्या घरात जातो.

शाळेच्या प्रयोगशाळेतही चाचणी होते. 50 मिलिलिटर नमुना, त्यात पोटॅशियम क्रोमेटचे थेंब, मग 0.0141 नॉर्मल सिल्व्हर नायट्रेट हळूहळू सोडायचं. पिवळा रंग विटकरी व्हायला लागला की थांबायचं. डिस्टिल्ड पाण्यावर हीच चाचणी करून तेवढे मिलिलिटर वजा करायचे. उरलेल्या प्रत्येक मिलिलिटरमागे लिटरला 10 मिलिग्रॅम क्लोराइड. खारं पाणी फार असेल तर नमुना आधी दहापट पातळ करा, नाहीतर अख्खी बाटली संपेल.

नमुना मात्र वरून बादलीने घेऊ नका. गोडं पाणी हलकं, ते वरच तरंगतं. वापरात नसलेल्या बोअरमध्ये ईसी मीटरचा (पाण्याची विद्युतवाहकता मोजणारा) प्रोब दर मीटरला थांबवत खाली सोडा. आकडा अचानक उडी मारतो तिथे सीमा. मीटर 1413 मायक्रोसीमेन्सच्या प्रमाण द्रावणात आधी जुळवून घ्या.

निपाणी_बोअर

दोघेही पंचायतीला वही भरायला लावताय. खरा घोळ खोली आणि हॉर्सपॉवरचा आहे.

मोटार चालू झाली की बोअरखाली खारं पाणी शंकूसारखं वर उठतं. समजा बोअरचा तळ आणि खाऱ्याची सीमा यांत 12 मीटर अंतर आहे. सीमा त्यातल्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा, म्हणजे 4 मीटरपेक्षा जास्त चढली की ती डळमळते आणि खारं सरळ पंपात येतं. त्यासाठी वरची पातळी किती उतरायला हवी? 4 भागिले 40. दहा सेंटिमीटर! तीन एचपीचा सबमर्सिबल ते पहिल्या काही मिनिटांत करून टाकतो. गावाची सरासरी पातळी तुमच्या किमान रेघेच्या कितीही वर असू दे.

आणि पाणी मचूळ लागलं की लोक काय करतात? ‘अजून पन्नास फूट मारा, खाली गोडं लागेल.’ आमच्या बेळगाव-निपाणीच्या काळ्या पाषाणात ही सवय चालून जाते, खाली दुसरी भेग लागू शकते. किनाऱ्यावरच्या वाळूत खाली समुद्रच आहे की. तिथे उलटं करायचं: बोअरचा तळ सिमेंट-बेंटोनाइटने भरून वर आणायचा, पंप वर घ्यायचा. शक्यतो बोअरच नको. रुंद उथळ विहीर, किंवा पाण्याच्या पातळीच्या जरा खाली आडवे सच्छिद्र पाइप टाकून मधे एक विहीर. अर्धा एचपी सहा तास चालवा, टाकी मोठी ठेवा.

माझं मत: समुद्र-खाडीच्या पट्ट्यात खोल बोअरवर सरळ बंदी आणा, एचपीला मर्यादा घाला. रिग रस्त्याने जाते, सगळ्या गावाला दिसते. पातळी कुणाला दिसते?

कृष्णाकाठ_अथणी

हा कायदा उद्या सगळ्या राज्याला लावला जाईल, म्हणून आताच बोलतो. अथणी, रायबाग, चिक्कोडीकडे नदीकाठच्या रानांत मीठ फुटतं ते पातळी खाली गेल्यामुळे नव्हे, वर आल्यामुळे. उसाला बारमाही पाट, काळी माती, निचरा नाही. पाणी जमिनीखाली दीड-दोन मीटरवर आलं की केशाकर्षणाने वर चढतं, वाफ होऊन जातं, मीठ मागे राहतं. रान क्षारपड होतं. तिथे 1 ते 1.2 मीटर खोलीवर सच्छिद्र पाइप घालून पाणी काढून टाकावं लागतं. आम्हाला किमान नको, कमाल पातळी हवी. कारवारची फूटपट्टी आमच्याकडे आणली तर उरलीसुरली रानंही जातील.

सदाशिवगड_काठ

अगदी बरोबर. म्हणूनच मी ‘समुद्रसपाटीपासून’ म्हणतोय. साडेसातशे मीटर उंचीवरच्या बेळगावला त्या मापाचा संबंधच नाही. फक्त किनाऱ्याचे तालुके.

खानापूर_घाटमाथा

घाटमाथ्याचा संबंध नाही असं कसं? खाडीतलं खारं पाणी आत किती शिरतं हे वरून येणारं गोडं पाणी ठरवतं. कणकुंबीच्या बाजूला म्हादईचं पाणी मलप्रभेत वळवायचं आहे, लवादाने 2018 मध्ये त्यासाठी 3.90 टीएमसी दिले. खाली मांडवीत खारं पाणी वर चढेल ही गोव्याची तक्रार याच तत्त्वावर उभी आहे. खाडी खारी झाली की काठच्या विहिरी बाजूने खाऱ्या होतात, तिथे कुणी मोटार लावलेली नसली तरी. मग मोटारवाल्याला दंड कशाचा?

रेतीचंही तेच. पात्रातली वाळू काढून तळ खाली नेला की भरतीचं पाणी त्या तळावरून आणखी वर जातं. काळी आणि गंगावळी नद्यांच्या काठाला आधी रेती बघा, मग विहिरी.

जांभा_झरा

घाटमाथा, तत्त्व बरोबर, पण काळीचं उदाहरण उलटं पडतं. सुपा ते कद्रा धरणांतून वीजनिर्मितीसाठी उन्हाळ्यातही पाणी सुटतं, त्यामुळे खाडीत उन्हाळ्याचं गोडं पाणी मूळ नदीपेक्षा जास्त असतं. शरावतीच्या मुखाशी तर हे इतकं झालं की खाऱ्या पाण्यातल्या शिंपल्यांना ते सोसलं नाही. नदीनिहाय बघावं लागेल.

बाजूने येणाऱ्या पाण्याला खरा उपाय गजनीचे (खाडीकाठच्या खारजमिनीचे) बांध आणि झडपांचे बंधारे. दिवाळीच्या आसपास, प्रवाह ओसरायच्या आत फळ्या बसल्या पाहिजेत. ठेकेदार जानेवारीत बसवतो, तोवर अडवायला पाणीच उरत नाही. दोन फळ्यांच्या फटीत चिकणमाती दाबली नाही तर अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला खारं आत येतं आणि बांधाच्या आतच अडकून बसतं. हे बांध नसण्यापेक्षा वाईट.

आणखी एक. मचूळ विहीर म्हणजे समुद्रच, असं धरू नका. दाट वस्तीत शोषखड्ड्यांमुळेही क्लोराइड वाढतं. सोडियम-क्लोराइडचं मोलर गुणोत्तर (वजनाचं नव्हे, कणांच्या संख्येचं) काढा. समुद्रात ते 0.86 असतं. खारं पाणी नव्याने शिरत असेल तर त्याखाली जातं, कारण चिकणमाती सोडियम धरते आणि कॅल्शियम सोडते. सांडपाण्याचं बहुधा 1 च्या वर, सोबत नायट्रेटही चढलेलं. ही तपासणी न करता कुणाचा पंप सील केला तर कोर्टात एक दिवस टिकणार नाही.

निपाणी_बोअर

आणि सील करणार कोण, तेही सांगा. 1882 च्या सुखाधिकार कायद्यापासून जमिनीखालचं पाणी मालकाचं असंच धरलं जातं. राज्याच्या 2011 च्या भूजल कायद्यात अधिसूचित भागात विहिरीला परवानगी लागते, ठीक. पण दहा एचपीपर्यंतच्या शेतीपंपाला वीज फुकट. ज्याला बिलच येत नाही तो तुमची पातळीची खूण वाचेल?

सदाशिवगड_काठ

फुकट असली तरी ती फीडरवरून येते आणि थ्री-फेजचे तास ठरलेले असतात. वेळ फीडरवर कमी करता येते, घरोघर जायची गरज नाही. हॉटेल, बांधकाम आणि टँकर भरणाऱ्या विहिरींना मीटर आहे, तिथे आधी.

नुसत्या बंदीने भागत नाही हे मद्रासच्या मिंजूर पट्ट्यात दिसलं. शहरासाठी आणि शेतीसाठी इतका उपसा झाला की समुद्र किलोमीटरच्या हिशोबात आत आला. तिथला 1987 चा भूजल कायदा त्यानंतरचा. उलट कॅलिफोर्नियात कॅस्ट्रोव्हिलला 1998 पासून शेतकऱ्यांना विहिरीऐवजी शुद्ध केलेलं सांडपाणी पाटाने दिलं, तेव्हा किनाऱ्याजवळच्या विहिरी थांबवता आल्या. पर्यायी पाणी हा नियमाचाच भाग हवा.

वेळेचं म्हणाल तर केंद्रीय भूजल मंडळ वर्षातून चारदा मोजतं. त्यातलं मेचं माप आपल्या कामाचं नाही, तेव्हा सगळं होऊन गेलेलं असतं. नोव्हेंबर ते मे दर पंधरवड्याला मोजा. महिन्यातून एकदा तरी 25 तास, दर तासाला, म्हणजे भरती-ओहोटीची सरासरी निघते. एकाच वेळचं माप उधाणाला फसवतं. मेमध्ये रेघ टिकवायची तर फेब्रुवारीची रेघ तिच्यापेक्षा वर ठेवावी लागेल आणि निम्म्या उपशाची वेळ तेव्हाच येईल.

जांभा_झरा

फेब्रुवारीची वेगळी रेघ, चालू मोटारीची पातळी आणि गुणोत्तराची तपासणी हे तिन्ही असेल तर वाळूच्या पट्ट्यापुरता माझा विरोध मागे. जांभ्यात आणि खडकात अजून नाही. तिथे निपाणीकरांचं खोलीचं बंधन जास्त उपयोगाचं.

निपाणी_बोअर

आणि टँकरच्या विहिरीला किमान पातळी लावताना विहीर किनाऱ्यापासून दोन किलोमीटर आत असली तरी लावा. उपसा बंद झालेल्या गावाला पाणी तिथूनच येणार आणि समुद्राकडे जाणारा गोडा प्रवाहही तिथेच तुटणार. ही अट नसेल तर माझं मत ‘नको’ असंच धरा.