शब्द सुचवा: रद्द, रखडलेल्या आणि विसरलेल्या गेम्ससाठी

कधीच न आलेल्या, अर्ध्यावर सोडलेल्या आणि येऊनही हरवलेल्या व्हिडिओ गेम्सवर मराठीत लिहायला घेतलं आहे. पहिला लेख वाचून एका मित्राने विचारलं, "यातला प्रत्येक गेम 'रद्द'च कसा झाला?" त्याचं म्हणणं पटलं. इंग्रजीत लिहिणारे कॅन्सल्ड (रद्द), व्हेपरवेअर (जाहीर होऊन न पोचलेला), डेव्हलपमेंट हेल (बनवण्यातच अडकलेला), अबँडनवेअर (जुना, आता दुकानात न मिळणारा), डीलिस्टेड (विक्रीतून काढलेला) असे निरनिराळे शब्द वापरतात आणि मी सगळ्यांना एकाच दावणीला बांधतोय.

उदाहरणार्थ 'स्टारक्राफ्ट: घोस्ट'. २००२ मध्ये घोषणा, मार्च २००६ मध्ये 'बेमुदत पुढे ढकलला' असं निवेदन आणि पुढे २०१४ मध्ये तो बनवणाऱ्या ब्लिझार्ड कंपनीच्या प्रमुखांकडून तो रद्दच झाल्याची कबुली. मग २००६ ते २०१४ या काळात तो काय होता?

बोलीतले शब्द सुचवा. व्हेपरवेअरला 'बाष्पसामग्री' छापाचं काही नको. (खालचा प्रत्येक मथळा म्हणजे एकेक प्रतिसाद, मधले काही माझेच.)

रद्द केला की झाला?

आधी 'रद्द'चंच बघू. रद्द होण्यासाठी कोणीतरी तसं जाहीर करावं लागतं. आदेश रद्द होतो, परवाना रद्द होतो. 'स्केलबाउंड' रद्द झाला असं बिनदिक्कत लिहा, कारण जानेवारी २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने तसं सांगितलं. निवेदन नसेल तर 'रद्द' हा शब्द आपण पदरचा घालतो.

मराठीत इथे दोन वेगळी क्रियापदं आहेत आणि त्यांच्यातला फरक मोलाचा आहे. 'बारगळला' म्हटलं की आपोआप घडलं, कोणाकडे बोट नाही. 'गुंडाळला' म्हटलं की लगेच प्रश्न येतो, कोणी गुंडाळला? डिस्नेने लुकासफिल्म विकत घेतल्यावर एप्रिल २०१३ मध्ये तिच्या लुकासआर्ट्स या गेम कंपनीचा गेम बनवणारा विभाग बंद केला आणि त्यात 'स्टार वॉर्स १३१३' गेला. तो बारगळला नाही, गुंडाळला गेला. कंपन्यांच्या निवेदनांत मात्र नेहमी 'बारगळला'चा सूर असतो. प्रकल्प 'पुढे जाणार नाही' म्हणतात, जणू त्याचंच पाऊल अडलं.

तिसरा शब्द 'फिसकटला'. हा बोलण्यांसाठी, सौद्यासाठी. अनेक गेम स्टुडिओंचा मालक असलेल्या एम्ब्रेसर समूहाचा दोन अब्ज डॉलरचा करार मे २०२३ मध्ये फिसकटला आणि पाठोपाठ त्यांचे स्टुडिओ बंद पडू लागले. 'सेंट्स रो' बनवणारा, १९९३ पासूनचा व्होलिशन स्टुडिओ ऑगस्टमध्येच गेला. करार फिसकटला, स्टुडिओने गाशा गुंडाळला, हातातले गेम बारगळले. इथे मात्र 'बारगळले' चालेल, कारण ते खरोखरच दुसऱ्याच्या पडण्याने पडले.

बासन

'गुंडाळला'च्या शेजारीच 'बासनात गुंडाळला' आहे, पण तो सरसकट वापरू नका. बासनात बांधलेली पोथी शाबूत असते, गाठ सोडली की वाचता येते. 'स्टार फॉक्स २' नव्वदच्या दशकाच्या मध्यात जवळजवळ पूर्ण झाला होता, पण निन्टेन्डो ६४ हे नवीन गेमयंत्र तोंडावर आलेलं, म्हणून ठेवून दिला. सप्टेंबर २०१७ मध्ये छोट्या सुपर निन्टेन्डोबरोबर तो अधिकृतपणे बाहेर आला. हा शब्दशः बासनातला गेम. ज्याचं चार मिनिटांचं चित्रण दाखवलं आणि पुढे काही बनलंच नाही, त्याला बासन कशाला?

व्हेपरवेअर = बोलाचीच कढी

बोलाचीच कढी, बोलाचाच भात. इतका चपखल शब्द हाताशी असताना शोधायचं काय?

कढी आणि तुरी

चपखल आहे, पण अर्धाच. 'बोलाचीच कढी' बोलणाऱ्याबद्दल आहे. व्हेपरवेअरमध्ये ऐकणारेही सामील असतात. जो गेम कोणी पाहिलेला नाही त्याच्या नायिकेच्या आवाजावरून, नकाशाच्या आकारावरून, तो आधीच्या भागापेक्षा सरस की नाही यावरून पंधरा पंधरा पानांचे वाद झडतात. त्याला 'बाजारात तुरी' म्हणतात. कंपनीकडून बोलाचीच कढी, चाहत्यांकडे बाजारात तुरी. दोन्ही ठेवा, पण आपापल्या जागी.

आणि व्हेपरवेअर म्हणजे मेलेला गेम नव्हे, हेही लेखात यायला हवं. १९८० च्या दशकात हा शब्द आला तोच मुळी जाहीर होऊन न पोचणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी. कायमचं न येणं ही त्याची अट नाही. 'ड्यूक न्यूकेम फॉरएव्हर' वर्षानुवर्षं व्हेपरवेअरचा मेरुमणी होता आणि तरीही तो आला. १९९७ ला घोषणा, जून २०११ ला विक्री. आल्यावर वाटलं की कढी बोलाचीच बरी होती.

रखडणं आणि भिजत घोंगडं

डेव्हलपमेंट हेलसाठी 'विकासनरक' असं कुठेतरी वाचलं. वाचून खरंच नरकात गेल्यासारखं वाटलं.

रखडणं वेगळं, घोंगडं भिजत पडणं वेगळं. रखडतो तो पाय ओढत का होईना, चालत असतो. 'द लास्ट गार्डियन' २००९ मध्ये दाखवला, तो प्लेस्टेशन ३ साठी होता. आला डिसेंबर २०१६ मध्ये आणि तोही प्लेस्टेशन ४ वर. सात वर्षं रखडला, पण पोचला. उलट 'बियॉन्ड गुड अँड ईव्हिल २' ची पहिली झलक २००८ ची, दुसरी घोषणा २०१७ ची आणि २०२२ मध्ये त्याने ड्यूक न्यूकेमचा दिरंगाईचा विक्रमही मोडला. हे भिजत घोंगडं. कोणी पिळून वाळत घालत नाही आणि टाकूनही देत नाही.

मूळ प्रश्नातल्या 'स्टारक्राफ्ट: घोस्ट'लाही २००६ ते २०१४ साठी हेच द्या.

'हाफ-लाइफ २: एपिसोड थ्री' मात्र यात बसत नाही. घोषणा २००६ ची, त्यानंतर वर्षानुवर्षं तो बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीकडून ना होकार ना नकार. २०१७ मध्ये मालिकेच्या माजी लेखकाने पात्रांची नावं बदलून कथेचा गोषवारा स्वतःच प्रसिद्ध केला, तेव्हा लोक काय ते समजले. त्याच्यासाठी माझं मत 'गुलदस्त्यात'. जाणीवपूर्वक झाकून ठेवलेलं ते गुलदस्त्यात असतं.

पुंगी

ब्लिझार्डचा 'टायटन' यातल्या कशातच नाही. कित्येक वर्षं काम करून सप्टेंबर २०१४ मध्ये रद्द केल्याचं सांगितलं आणि दोनच महिन्यांनी 'ओव्हरवॉच' जाहीर केला, ज्यात टायटनचंच बरंच काही वापरलेलं होतं. गाजराची पुंगी. वाजली नाही, मोडून खाल्ली. रद्द गेम्सच्या याद्या करणारे टायटनसाठी अश्रू ढाळतात, ते मला कधी कळलं नाही.

अबँडनवेअरला 'बेवारस' म्हणावं का?

इथे जरा थांबू, कारण शब्द चुकला तर कायद्याचा अर्थच फिरतो.

अबँडनवेअर हा चाहत्यांनी काढलेला शब्द आहे. जुना गेम, दुकानात मिळत नाही, कंपनी विचारत नाही, तर उतरवून घ्यायला हरकत नाही अशी त्यामागची समजूत. कायदा तसं मानत नाही. मालकाने दुर्लक्ष केलं म्हणजे मालकी सुटत नाही. मराठीत आपण 'हक्कावर पाणी सोडलं' म्हणतो, तेव्हा सोडणाऱ्याने ते समजून उमजून सोडलेलं असतं. या गेम्सवर बहुतेक वेळा कोणीच पाणी सोडलेलं नसतं. म्हणून 'सोडून दिलेला गेम' हे भाषांतर टाळा. 'टाकून दिलेला'ही नको.

'बेवारस'चा अर्थ वारस नसलेला. पण बऱ्याच गेम्सचं दुखणं नेमकं उलटं असतं. 'सिस्टम शॉक २' घ्या. बनवणारा लुकिंग ग्लास स्टुडिओ २००० मध्ये बंद पडला आणि हक्क जाऊन पोचले एका विमा कंपनीकडे. तिला गेमशी काय देणंघेणं? जुने गेम पुन्हा बाजारात आणणाऱ्या नाइटडाइव्ह कंपनीने तिच्याशी बोलणी केली आणि २०१३ मध्ये तो गेम पुन्हा विकत मिळू लागला. वारस होता, त्याला शोधून काढावा लागला.

त्याहून त्रांगडं 'नो वन लिव्ह्ज फॉरएव्हर'चं. २००० चा गेम. बनवणारी मोनोलिथ पुढे वॉर्नरकडे गेली, प्रकाशक फॉक्स इंटरॅक्टिव्ह आधी विवेंडीत आणि मग ॲक्टिव्हिजनमध्ये विरघळली. नाइटडाइव्हने वॉर्नर, ॲक्टिव्हिजन आणि फॉक्स या तिघांचेही उंबरे झिजवले. प्रत्येकाचा सूर साधारण एकच: हक्क आमच्याकडे आहेत का ते आम्हालाही नक्की ठाऊक नाही, जुनी कागदपत्रं धुंडाळायला आम्हाला वेळ नाही, पण तुम्ही काढलात आणि आमचे निघाले तर मात्र बघून घेऊ. शेवटी नाइटडाइव्हने नाद सोडला. तीन संभाव्य वारस आणि एकालाही सातबारा सापडत नाही. याला बेवारस म्हणणार? हा 'वादातला' गेम आहे. भाऊबंदकीतली जमीन जशी पडीक राहते, तसा. म्हणून मला 'पडीक' शब्द आवडतो. मालकी कोणाची याबद्दल तो काही बोलत नाही, फक्त कोणी कसत नाही एवढंच सांगतो.

आणि हे तुरळक प्रकार समजू नका. व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने जुलै २०२३ मध्ये पाहणी प्रसिद्ध केली. अमेरिकेत २०१० च्या आधी आलेल्या गेम्सपैकी ८७ टक्के तेव्हा बाजारात विकत मिळत नव्हते. पडीक हाच नियम, कसलेली जमीन अपवाद.

पडीक

घेतला. अबँडनवेअर = पडीक गेम. आता डीलिस्टेड उरला.

काढला, उतरवला, हिरावला

डीलिस्टेडसाठी 'विक्रीतून काढला' पुरेसं आहे. 'स्कॉट पिलग्रिम'चा गेम डिसेंबर २०१४ मध्ये विक्रीतून काढला, जानेवारी २०२१ मध्ये परत आला. मधल्या काळात ज्यांनी आधीच घेतला होता, ते खेळतच होते.

पण 'द क्रू'ला हा शब्द लावू नका. २०१४ चा गेम, एकट्याने गाडी चालवायची तरी कंपनीच्या सर्व्हरला जोडलेलं राहावं लागे. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद केले आणि पैसे मोजलेल्यांकडचाही गेम निकामी झाला. पाठोपाठ तो लोकांच्या खात्यातूनही काढून घेतला. हे विक्रीतून काढणं नाही, हिरावून घेणं आहे. 'स्टॉप किलिंग गेम्स' ही चळवळ त्यावरूनच उभी राहिली आणि युरोपातल्या तिच्या मागणीपत्रावर २०२५ च्या जुलैत दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या.

सर्व्हर बंद करण्याला कंपन्या 'सनसेट' म्हणतात. त्याचं 'मावळला' करू नका, हात जोडून विनंती. सूर्य आपला आपण मावळतो. इथे कोणीतरी बटण दाबलेलं असतं.

'काँकॉर्ड' तिसरा प्रकार. २३ ऑगस्ट २०२४ ला आला, ६ सप्टेंबरला बंद. सोनीने पैसे परत केले, म्हणून 'हिरावला' म्हणता येत नाही. 'मागे घेतला' म्हणा.

नारळ

लेखमालेत स्टुडिओ बंद पडण्याबद्दल येणारच. 'ले-ऑफ'साठी 'नारळ दिला' कसा वाटतो? जानेवारी २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने गेम विभागातल्या १९०० जणांना नारळ दिला, पुढच्याच महिन्यात सोनीने प्लेस्टेशनच्या ९०० जणांना, वगैरे.

नारळ नको

मी एका स्टुडिओत चाचणीचं काम करत होतो, नाव राहू द्या. सकाळी लॉगिन चालेना म्हणून तांत्रिक मदतीला फोन केला, तेव्हा पलीकडून "तुम्हाला मेल आला नाही का?" असं विचारलं गेलं. मेल कंपनीच्याच खात्यावर आला होता, जे उघडत नव्हतं. 'नारळ' हा शब्द बाहेरून बघणाऱ्याचा आहे. त्यात थोडी मजा आहे, थोडा 'चांगली खोड मोडली'चा भाव आहे. नालायक माणसाला नारळ देतात. इथे लोक नालायक नसतात. 'हाय-फाय रश'चं सगळीकडे कौतुक झालं, तरी तो बनवणाऱ्या टँगो गेमवर्क्सला टाळं ठोकायचं मायक्रोसॉफ्टने मे २०२४ मध्ये ठरवलंच. (पुढे क्राफ्टन या दुसऱ्या गेम कंपनीने तो स्टुडिओ घेतला, ते नशीब.)

'कामावरून काढलं' असं साधं लिहा. 'कपात' कंपनीचा शब्द आहे, 'पुनर्रचना' तर त्याहून. कपात खर्चात होते. माणसं काढलीच जातात.

'क्रंच'बद्दलही तेच, म्हणजे गेम वेळेत संपवायला तासन्‌तास कामाला जुंपणं. 'जादा काम' म्हटलं की जादा पैसे मिळाल्यासारखं वाटतं. २००४ मध्ये ईए या गेम कंपनीतल्या एका कर्मचाऱ्याच्या जोडीदाराने नाव न देता लिहिलेलं पत्र गाजलं, त्यात आठवड्याला ८५ तासांचा हिशेब होता. त्याला 'राबवून घेणं' म्हणतात.

अवांतर

'गेम' पुल्लिंगी की स्त्रीलिंगी? आमच्या घरात 'ती गेम', इथे सगळे 'तो गेम'.

अवांतरावर अवांतर

दोन्ही चालतं. पण 'त्याचा गेम केला' या अर्थाने तो पुल्लिंगीच. कोनामी कंपनीने स्वतःच्याच 'सायलेंट हिल्स'चा केला तसा. एप्रिल २०१५ मध्ये प्रकल्पही गेला आणि त्याची 'पी.टी.' ही फुकट झलकही दुकानातून काढली. गेमचा गेम.

धन्यवाद, आणि शेवटचा एक

'नारळ' खोडला, 'काढलं' लिहिलं. टायटनचा परिच्छेद 'रद्द'च्या लेखातून उचलून वेगळा केला. शेवटच्या लेखाचं नाव 'विसरलेले गेम' ठेवलंय. त्यात 'ओकामी' आणि 'ई.टी.' आहेत. ठीक?

दोन्ही काढा

'ओकामी' २००६ मध्ये समीक्षकांनी डोक्यावर घेतला, पण खपला नाही आणि तो बनवणारा क्लोव्हर स्टुडिओ लगेचच मोडला. तो न खपलेला गेम, विसरलेला नव्हे. नंतर कितीतरी यंत्रांवर तो पुन्हा निघाला आणि डिसेंबर २०२४ मध्ये पुढचा भागही जाहीर झाला. 'ई.टी.' तर बदनाम. नाताळ गाठायचा म्हणून पाचेक आठवड्यांत उरकलेला, १९८३ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डोच्या कचराडेपोत पुरलेला आणि २०१४ मध्ये उकरून काढलेला. एवढ्या कहाण्या ज्याच्या नावावर आहेत तो विसरलेला कसा? त्या खड्ड्यातून 'सेंटिपीड'सारख्या चांगल्या चाललेल्या गेमच्या कॅसेटही निघाल्या, ते मात्र कोणी सांगत नाही.

विसरलेल्यांच्या यादीत ज्यांची नावं वाचून आम्हाला शोधावं लागेल असेच गेम घ्या. आणि शीर्षकात 'विस्मृतीत गेलेले' करू नका, 'विसरलेले'च राहू द्या.