बारावीनंतर थेट मास मीडिया? माझं मत: नको

डेस्कवाला: भाची लातूरची, बारावी कला, 78 टक्के. पत्रकार व्हायचंय. पुण्यातल्या एका खासगी विद्यापीठाची मास मीडिया पदवी घरात ठरल्यातच जमा आहे, फी वर्षाला तीन लाखांच्या वर. मी म्हणतो, आधी अर्थशास्त्र किंवा भूगोल घेऊन बीए कर. मग पुण्याचं रानडे इन्स्टिट्यूट आहे, तिथे पत्रकारिताच शिकवतात; अमरावतीला आयआयएमसीचा, म्हणजे केंद्र सरकारच्या पत्रकारिता संस्थेचा, मराठी पत्रकारितेचा डिप्लोमा आहे. दोन्हीकडे कुठल्याही शाखेचा पदवीधर चालतो.

2016 मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, तेव्हा ही नऊ वर्षांची. म्हणते, 'कॅमेरे गाडीबरोबर आले न् गाडीबरोबर गेले.' तिथूनच हे वेड. पण लातूरला पाणी देणारं मांजरा धरण का आटलं, हे सांगायला ऊस कळावा लागतो, पाऊस कळावा लागतो. माईक धरणं काय, महिन्याभरात जमतं.

परवाचंच सांगतो. मास मीडियाची पदवी घेतलेल्या पोरानं 'न्यायालयीन कोठडी'च्या जागी 'पोलीस कोठडी' लिहिलं. मथळ्यात! एकात आरोपी पोलिसांच्या ताब्यात, दुसऱ्यात तुरुंगात; त्याला दोन्ही एकच वाटत होतं. पान सुटायच्या आधी दिसलं म्हणून वाचलो.

रेंडर_चालू_आहे: मी मुंबईची बीएमएम, म्हणजे मास मीडियाचीच पदवी, हल्ली त्याला बीएएमएमसी म्हणतात. एकविसाव्या वर्षी नोकरीला लागले, कारण शूट, एडिट, आवाज सगळं हाताखालून गेलेलं. आणि काका, बीएला कुठला ऊस शिकवतात? परीक्षेआधी आठ दिवस गाईड, पास. ती रेल्वे कॅमेऱ्यात आली म्हणूनच देशाला लातूर दिसलं ना?

डेस्कवाला: गाईडचं लागलं. मीही तसाच पास झालोय. पण दिसलं आणि कळलं यात फरक आहे.

सासुरवाडी_नांदेड: तुमच्या हिशेबात एक गोष्ट नाही. बीए, मग डिप्लोमा, म्हणजे मुलगी बाविशीत. तोवर घरी स्थळं सुरू होतात. माझंही 'आधी बीए' असंच ठरलं होतं, डिप्लोमा राहिला तो राहिलाच. आज बाप पुण्याला पाठवायला तयार आहे तर जाऊ द्या. तीन वर्षांनी तयार असेलच कशावरून?

रेंडर_चालू_आहे: +१. हे मला सुचलंच नव्हतं.

तालुका_प्रतिनिधी: अभ्यासक्रमावर भांडताय, पगाराचं कुणी काढत नाही. अकरा वर्षं बातमीदारी केली. बातमीमागं मानधन, ते पण पेट्रोलला पुरत नाही. दिवाळीला जाहिरातींचं टार्गेट. ज्या सरपंचाकडं जाहिरात मागायची, त्याच्याच रस्त्याची बातमी कशी लावू? नऊ लाख घालून पोरगी यात येणार असेल तर मी डेस्कवाल्यांच्या बाजूनं. बीएची फी बुडाली तरी घर बुडत नाही.

रेंडर_चालू_आहे: पण सगळे तालुक्यालाच जात नाहीत. आणि खासगीच कशाला? मुंबई विद्यापीठाच्या अनुदानित कॉलेजांतही हा कोर्स आहे, फी बरीच कमी.

डेस्कवाला: हे मात्र पटलं. मुंबईत राहायचं कुठे, हा पुढचा प्रश्न. सासुरवाडीताई, तुमचं माझ्या ताईला, म्हणजे भाचीच्या आईला, वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही, उठून चहा ठेवायला गेली. तूर्त भाचीनं लातूरला बीएचा फॉर्म भरलाय, मुंबईचाही भरायला सांगतो. खासगीवाल्यांचा दिवसातून दोनदा फोन येतोय, 'सीट ब्लॉक करा' म्हणून.