नॅव्हिगेशनला 'दिशादर्शन' म्हणावं का?

सायंतारा
शाळकरी मुलांसाठीची एक पुस्तिका मराठीत करते आहे. विषय सॅटेलाइट नॅव्हिगेशन. मी 'उपग्रहांवरून स्थाननिश्चिती' असं लिहिलं होतं, संपादकांनी सगळीकडे 'दिशादर्शन' केलं. लोकांना तेच कळतं म्हणे. पण ही यंत्रणा मुळात दोनच गोष्टी सांगते: तुम्ही कुठे आहात आणि किती वाजले. एका जागी उभं राहिलं तर आपलं तोंड कुठल्या दिशेला आहे, हे साध्या रिसीव्हरला उपग्रहांवरून कळत नाही. मग मुलांना 'दिशा' का सांगायची? दुसरा शब्द सुचवा.

रुळलेली वाट
दिशादर्शन रुळलाय, राहू द्या. पृथ्वी फिरते हे ठाऊक असूनही आपण 'सूर्योदय' म्हणतोच ना? शब्द फोडून त्याचा हिशेब मागायला लागलो तर भाषेत काही शिल्लक राहणार नाही.

डोंगरवेडा
सायंताराताईंशी सहमत. एकदा दाट धुक्यात खिंडीत थांबलो होतो. नकाशावरचा ठिपका अगदी बरोबर जागी, पण बाण भलतीकडे. सोबतचे म्हणायला लागले, जीपीएस चुकलं. चुकला होता तो फोनमधला चुंबकीय होकायंत्राचा भाग. जरा चालल्यावर बाण आपोआप सरळ झाला, कारण आता सरकण्यावरून दिशा काढता येत होती. हा फरक मुलांना कळायलाच हवा.

तळटीप
'जीपीएस चुकलं' की 'चुकला'? माझ्या कानाला पुल्लिंगच बरं वाटतं. शिवाय जीपीएस ही एकट्या अमेरिकेची यंत्रणा. रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ, चीनची बायडू वेगळी. आजचे बहुतेक फोन एकाच वेळी दोन-तीन यंत्रणांचं ऐकतात. सगळ्यांना सरसकट जीपीएस म्हणणं मला खटकतं.

डोंगरवेडा
'यंत्र' मनात धरून मी नपुंसकलिंग वापरतो. घरात सगळे तसंच बोलतात.

शब्दवेल्हाळ
मुळाशी जाऊ या. लॅटिन 'नाविस' म्हणजे जहाज, आणि आपली 'नौ' त्याच कुळातली. फारसी 'नाखुदा', म्हणजे नावेचा धनी, आपल्याकडे 'नाखवा' झाला. इतकं जवळचं गोत असताना 'दिशा' कशाला? भारताच्या यंत्रणेला २०१६ साली 'नाविक' नाव दिलं, तेच धरून 'नाविकी' म्हणा!

सायंतारा
नाविकी गोड आहे, पण नाविक हे एका यंत्रणेचं विशेषनाम झालंय, मुलांचा गोंधळ होईल. आणि मी खरी अडलेय ती पुढच्या वाक्यावर: 'रिसीव्हरला फिक्स मिळायला चार उपग्रह लागतात.' या 'फिक्स'ला, म्हणजे आपली जागा नेमकी सापडण्याला, काय म्हणू?

घड्याळजी
आधी चार का, ते मुलांना सांगा, मग शब्द सापडेल. जीपीएसचा उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून 'मी इथे आहे, आत्ता इतके वाजलेत' एवढंच सांगत असतो. तो कुणालाच पाहत नाही. म्हणून 'उपग्रह आपला माग काढतो' असं पुस्तिकेत चुकूनही येऊ देऊ नका. संदेश पोचायला सेकंदाचा साधारण चौदावा-पंधरावा भाग लागतो, त्या वेळेवरून अंतर काढायचं. उपग्रहात अणुघड्याळ असतं, फोनमध्ये साधं क्वार्ट्झचं. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तरी अंतर ३०० मीटरने हुकतं. तीन अंतरांवरून जागा निघते, चौथा उपग्रह लागतो तो आपल्या घड्याळाची चूक काढायला. आइनस्टाइनच्या सापेक्षतेमुळे उपग्रहातली घड्याळं दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात, त्याचीही दुरुस्ती आधीच केलेली असते. आणि 'त्रिकोणमापन' नको. इथे कोन कुणी मोजत नाही.

फिक्ससाठी मी म्हणेन 'ठाव लागणे'. 'रिसीव्हरला ठाव लागायला चार उपग्रह लागतात.'

तळटीप
ठाव लागतो तो पाण्याचा नाहीतर मनाचा. ती खोली झाली, स्थान नव्हे.

घड्याळजी
मग 'ठावठिकाणा' कुठून आला? ठाव म्हणजे जागाच.

सायंतारा
मला ठाव आवडला. आता आणखी एक. उपग्रह आपल्या कक्षेची नेमकी माहिती दर ३० सेकंदांनी पुन्हा पाठवतो, आणि सगळ्या उपग्रहांचं ढोबळ कोष्टकही तुकड्या-तुकड्यांनी पाठवतो. ते पूर्ण मिळायला साडेबारा मिनिटं लागतात. त्या कोष्टकाला 'अल्मनॅक' म्हणतात. मी 'पंचांग' लिहू का?

शब्दवेल्हाळ
लिहाच! कोण कधी कुठे असेल ते सांगतं ते पंचांग.

तळटीप
पंचांगाची पाच अंगं ठरलेली आहेत: तिथी, वार, नक्षत्र, योग, करण. उपग्रहाच्या कोष्टकात यातलं एकही नाही. 'कक्षापत्रक' म्हणा.

शब्दवेल्हाळ
गणिती केरूनाना छत्र्यांनी एकोणिसाव्या शतकात नॉटिकल अल्मनॅकच्याच, म्हणजे खलाशांसाठीच्या ग्रहताऱ्यांच्या कोष्टकांच्या, आधारे पटवर्धनी पंचांग काढलं. अल्मनॅक आणि पंचांग यांची सोयरीक तेव्हाच झाली आहे.

तळटीप
सोयरीक गणिताची होती. त्या पंचांगात पाचही अंगं होती, म्हणूनच ते पंचांग. 'कक्षापत्रक'मध्ये न समजण्यासारखं काय आहे, ते सांगा.

रुळलेली वाट
सहावीतल्या मुलाला 'कक्षा' म्हणजे वर्ग वाटेल. पंचांग भिंतीवर नसलं तरी ऐकलेलं असतं.