पेंटॅक्स के१००० : काही फोटोंच्याच डाव्या कडेला नारिंगी पट्टा. रविवारच्या आत काय करू?

मंडळी, मदत हवी आहे आणि जरा घाईची.

बेळगावच्या शहापुरातल्या एका बंद होत आलेल्या स्टुडिओतून पेंटॅक्स के१००० हा जुना फिल्मचा कॅमेरा घेतला, ५० एमएम लेन्ससकट अडीच हजाराला. लग्नाकार्यात भरपूर राबलेला आहे. नवा एलआर४४ सेल घातल्यावर उजेड मोजणाऱ्या मीटरची सुई हलली, शटर सगळ्या स्पीडवर वाजलं, एवढ्यावर मी खूश.

तीन आठवड्यांपूर्वी कोडॅक कलरप्लस २०० चा रोल भरून वडगावातून पहाटे निघालो, येळ्ळूरवरून राजहंसगडापर्यंत चालत. भातकापणी ऐन भरात होती. ३६ फोटोच आहेत म्हटल्यावर माणूस किती वेळ नुसता बघत उभा राहतो ते कळलं. मोबाइल असता तर येळ्ळूरच्या वेशीपर्यंतच शंभर झाले असते.

इथं रोल धुऊन देणारं कोणी सापडलं नाही, म्हणून कुरियरनं बेंगळूरला पाठवला. ३० फोटो झक्क आले. उरलेल्या सहांत डाव्या कडेला वरून खाली नारिंगी पट्टा, अगदी कडेला जवळजवळ पांढरा. चार वाटेत पाणी प्यायला थांबलो तिथले, एक गडावर सिद्धेश्वराच्या देवळापाशी भाकरी सोडली तिथला, आणि सहावा नेमका माझ्या आत्तीचा, विळा हातात धरून हसतानाचा. तो काढला आणि कॅमेरा बांधावर ठेवून चहाला बसलो होतो. लागोपाठ काढलेल्या फोटोंना काहीच नाही.

लेन्स खराब आहे, की लॅबनं घोळ घातला? आत्तीला मोठा फोटो करून द्यायचं कबूल केलंय. रविवारी तिच्या खळ्यावर मळणी आहे, सुगी काय माझ्यासाठी थांबत नाही. आणखी एक, मीटरवर किती विसंबू?

खानापूरकर :
भावा, उत्तर तूच लिहून ठेवलंयस. थांबलास तिथंच पट्टा, म्हणजे फिल्म एका जागी असताना उजेड आत झिरपतोय. लेन्स आणि लॅब दोघांनाही सोड.

मागच्या झाकणाच्या खाचांत काळा फोम असतो, तो इतक्या वर्षांत कुजून डांबरासारखा होतो. बिजागरी तुझ्या उजव्या हाताला आहे ना? लेन्स चित्र उलटं पाडते, त्यामुळे उजवीकडून शिरलेला उजेड फोटोत डावीकडे दिसतो. रंगही तेच सांगतो. मागून आलेला उजेड फिल्मच्या लाल रंग टिपणाऱ्या थराला आधी लागतो, म्हणून पट्टा नारिंगी.

खात्री करायची तर निगेटिव्ह उजेडाकडे धरून बघ. डाग फोटोच्या चौकटीबाहेर, फिल्मच्या कडेच्या भोकांच्या पट्टीपर्यंत गेला असेल तर गळती झाकणातूनच. चौकटीतच थांबला असेल तर मग शटरचा पडदा बघावा लागेल.

उपाय घरचा आहे. मेडिकलमधून आयसोप्रोपिल अल्कोहोल आण. ते लावून दात कोरायच्या काडीनं जुना फोम खरवडून काढ. कॅमेऱ्याची उघडी पाठ जमिनीकडे धरून कर, नाहीतर कचरा शटरवर पडेल. पडदा कापडाचा आहे, त्याला बोट लावायचं नाही. वरच्या-खालच्या खाचांत बारीक काळी लोकर दाबून बसव आणि बिजागरीपाशी काळ्या वेल्वेटची पट्टी चिकटव. झाकण बंद करायला जोर लागला तर लोकर जाड झाली असं समज.

मीटरचं म्हणशील तर लख्ख उन्हात लेन्सचं छिद्र एफ/१६ वर आणि शटरचा स्पीड १/२५० वर लाव. २०० च्या फिल्मला सुई साधारण मध्ये यायला पाहिजे. आणि या कॅमेऱ्याला मीटर बंद करायचं बटणच नाही, लेन्सवर टोपण घालणं हाच त्याचा स्विच. उघडा ठेवलास तर सेल उतरणार.

टिळकवाडीची :
रविवारच्या आत जमलं नाही तर रोल भरून झाल्यावर बिजागरीवरून बाहेरून काळा इन्सुलेशन टेप मारा. एका रोलपुरतं चालतं. पण कायम ठेवू नका, उन्हात डिंक पाघळतो आणि मग तो खरवडत बसावं लागतं. आणि बसताना कॅमेरा पिशवीत ठेवत जा की! बांधावर कशाला?

धागाकर्ता :
काका, डाग भोकांपर्यंत गेलाय. काल रात्री फोम काढला, दोन तास लागले आणि बोटं अजून काळी आहेत. सुई मध्यापासून केसभर वर येते, तेवढं चालवून घेतो. ताई, पिशवी शिवायला टाकलीय.

वेल्वेट टेलरनं फुकट दिलं. लोकर मात्र हातभर मागितली तर कोणी देईना, अख्खा गुंडा घ्यावा लागला. कुणाला अशीच गळती असेल तर सांगा, गावातल्या सगळ्या कॅमेऱ्यांना पुरेल एवढी उरलीय.