नागपूरचा उन्हाळा आणि टर्बो पेट्रोल: 5डब्ल्यू-40 इंजिन ऑइल पुरतं की 10डब्ल्यू-60 टाकायचं?

वर्धारोड_टर्बो
नमस्कार मंडळी. गाडी ऑक्टाव्हिया आरएस 230, 2.0 टीएसआय, स्टेज 1 रिमॅप (सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवलेली), बाकी सगळं कंपनीचंच. सध्या 5डब्ल्यू-40 आहे (डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतला, नंतरचा गरम ऑइलच्या जाडीचा), व्हीडब्ल्यू 502.00 म्हणजे फोक्सवॅगनची ऑइल मान्यता असलेलं. आठवडाभर धरमपेठ ते सिव्हिल लाइन्स अशा आखूड फेऱ्या, अधूनमधून समृद्धीवरून शिर्डी नाहीतर मुंबई. मे महिन्यात समृद्धीवर 120 ला क्रूझ लावला की ऑइल टेंपरेचर 108 ते 112, जोर लावून ओव्हरटेक केलं की 118 पर्यंत. गॅरेजवाला म्हणून राहिला की आपल्या 45 डिग्रीत 40 नंबरचं पाणी होतं, 10डब्ल्यू-60 टाका, नाहीतर निदान 20डब्ल्यू-50. खरंच एवढं जाड लागतं का? आणि 0डब्ल्यू-40 कसं राहील?

चेंबरचा_नट
नाही लागत. बाहेर 45 आहे म्हणून ऑइल त्या हिशोबात तापत नाही. या इंजिनात ऑइल कूलर कूलंटवर चालतो आणि कूलंट थर्मोस्टॅटच्या ताब्यात असतं. उन्हाळ्याचा फटका वेगळ्या जागी बसतो: कूलंट 95 आणि हवा 15 असेल तर रेडिएटरला 80 डिग्रीचा फरक मिळतो, हवा 45 झाली की तोच 50 वर येतो. म्हणजे हातातली शिल्लक कमी होते. तुमचे 112 आणि 118 हे आकडे त्या शिलकीत आरामात बसतात. सतत 130 च्या वर जायला लागलं तर विचार करा, आणि तेव्हाही आधी रेडिएटर बघा, ऑइल नंतर.

आता 40 चं पाणी होतं का ते बघू. साधारण चांगल्या 5डब्ल्यू-40 ची व्हिस्कॉसिटी, म्हणजे जाडी, 40 डिग्रीला 80 सेंटिस्टोकच्या आसपास, 100 ला साडेतेरा. हेच ऑइल 110 ला 11 वर येतं, 120 ला 9 वर, 130 ला साडेसातच्या थोडं वर. एसएईच्या (ऑइलचे नंबर ठरवणाऱ्या संस्थेच्या) तक्त्यात 30 ग्रेडची 100 डिग्रीची हद्द 9.3 ते 12.5 आहे. तुमचं 40 नंबर ओव्हरटेकच्या वेळी जेमतेम 30 नंबरच्या जाडीला येतं. पाणी वगैरे काही नाही.

मात्र बेअरिंगला खरा आधार मिळतो तो एचटीएचएसचा. 150 डिग्रीला, प्रचंड घर्षणवेगाखाली मोजलेली जाडी ती. 502.00 ला किमान 3.5 लागते. डब्यावरच्या 30-40 पेक्षा हा आकडा आधी बघा.

हिंगणा_स्पॅनर
भाऊ, 60 नंबर काहून नाही, ते सांगतो. ते ऑइल बीएमडब्ल्यूच्या एस54, एस65 असल्या एम इंजिनांसाठी ठरवलेलं होतं, त्यांचं डिझाइनच वेगळं. तुमच्या ईए888 मध्ये, म्हणजे या 2.0 टीएसआय इंजिनात, ऑइल पंप दोन टप्प्यांत प्रेशर ठेवतो, पिस्टनखालचे कूलिंग जेट गरजेप्रमाणे उघडतात, कॅमचे अॅडजस्टर ऑइलवर चालतात, चेनचा टेन्शनरही ऑइलवरच. पंप ठरलेलं प्रेशर धरतो. ऑइल जाड असलं की त्याच प्रेशरला प्रवाह कमी होतो. गेज छान दिसते, पण बेअरिंगमधून उष्णता वाहून नेणारं ऑइल कमी पडते. प्रेशर म्हणजे वंगण नव्हे, हे आपल्या अर्ध्या गॅरेजांना पटत नाही.

दुसरी गोष्ट सकाळची. 60 नंबर 40 डिग्रीला 150 च्या वर असते, म्हणजे तुमच्या 5डब्ल्यू-40 च्या जवळपास दुप्पट जाड. उन्हात उभी गाडीसुद्धा इंजिनाच्या दृष्टीने थंडच असते नं! धरमपेठ ते सिव्हिल लाइन्समध्ये ते ऑइल धड गरमच होणार नाही. 20डब्ल्यू-50 मध्ये तर 502.00 ची मान्यता असलेलं मिळणारच नाही. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीला द्या ते.

वर्धारोड_टर्बो
पटलं. तीन डेटाशीट काढल्या.
पहिलं 5डब्ल्यू-40, 502.00: 100 ला 13.6, एचटीएचएस 3.7, नोआक (तापल्यावर उडून जाणारा भाग, टक्क्यांत) 9.
दुसरं 5डब्ल्यू-30, 504.00: 100 ला 12.0, एचटीएचएस 3.5, नोआक 8.
तिसरं 0डब्ल्यू-40, 502.00: 100 ला 12.9, एचटीएचएस 3.6, नोआक 10.
आणि एक शंका: डिपस्टिकला थोडा पेट्रोलचा वास येतो.

चेंबरचा_नट
बघा, 30 आणि 40 मध्ये एचटीएचएसचा फरक फक्त 0.2 निघाला. म्हणून म्हटलं, डब्यावरचा ठळक आकडा फसवतो. तिन्ही चालतील. रिमॅपवाल्या गाडीला मी पहिलं घेईन, आणि त्याचं कारण तुमच्या वासात आहे.

डायरेक्ट इंजेक्शन, त्यात आखूड फेऱ्या: न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत, उतरतं. ते पाच टक्क्यांच्या आसपास गेलं तर ऑइल जवळजवळ एक ग्रेड पातळ होतं. 40 पातळ होऊन 30 राहील. 30 पातळ झालं तर 20 च्या घरात. उन्हापेक्षा ही चिंता मोठी. डिपस्टिकवर लेव्हल वाढताना दिसली तर लगेच बदला. एरवी आठवड्यातून एकदा आउटर रिंग रोडला अर्धा-पाऊण तास सलग चालवा, बरंचसं पेट्रोल उडून जातं. कंपनीचा 15,000 किलोमीटरचा अंतराल रिमॅपला विसरा, साडेसात हजार किंवा वर्ष, जे आधी येईल ते.

0डब्ल्यू-40 वाईट नाही, पण 0डब्ल्यू चा हिशोब उणे 35 डिग्रीचा. नागपुरात डिसेंबरच्या पहाटेलाही 5डब्ल्यू पुरून उरतं, त्याचे जास्तीचे पैसे कशाला?  नोआक कमी असला की इनटेक व्हॉल्व्हवर काजळी कमी धरते. त्यातही 0डब्ल्यू-40 पेक्षा पहिलं बरं. डब्यामागे एमबी 229.5 (मर्सिडीजची मान्यता) किंवा पोर्शे ए40 पण असेल तर डोळे मिटून घ्या. फक्त मान्यता खरी हवी. "मीट्स रिक्वायरमेंट्स" हा विकणाऱ्याचा शब्द असतो. "अप्रूव्हल" लिहिलेलं बघा.

हिंगणा_स्पॅनर
बदलताना एवढं पाळा. इंजिन कोमट असू द्या, ऑइल 60-70 डिग्री. डिस्प्लेवर 50 च्या खाली आकडाच येत नाही, म्हणजे आकडा दिसल्यावर थोडं थांबून बंद करा. चेंबरचा नट आणि वॉशर नवीन, फिल्टरच्या रबराला बोटाने ताजं ऑइल. फिल्टरसकट पावणेसहा लिटर लागते, पण आधी पाच-सव्वापाचच ओता. दोन मिनिटं चालवा, बंद करून पाच मिनिटं थांबा, मग सपाट जागी डिपस्टिक. लेव्हल दोन खुणांच्या मधोमध किंवा मध्यापेक्षा थोडी वर, बस. वरच्या खुणेच्या पुढे गेलं की ऑइल फेसाळते आणि ब्रीदरमधून इनटेकमध्ये जाते.

सीलबंद डबा स्वतः न्या, तुमच्यासमोर उघडायला लावा, डब्यावरचा बॅच नंबर वाचता येतो का ते पहा. रिकामे डबे गॅरेजात सोडू नका, झाकणाला भोक पाडून घरी आणा. त्याच डब्यांत भरून परत विकतात.

आणि समृद्धीवरून आल्यावर समोरची जाळी बघा. किडे आणि धूळ कंडेन्सर-रेडिएटरच्या पापुद्र्यांत अडकून असते. मागून पुढे, कमी दाबाच्या पाण्याने. प्रेशर वॉशर जवळून मारला तर पापुद्रे वाकतात आणि मग 118 चं 125 दिसायला लागते.