एमपीएच आणि पर्यावरण एकत्र शिकावं का? सीमाभागातल्या बी.एस्सी. झालेल्यांसाठी चर्चा

मलप्रभा_कणकुंबी

रसायन, प्राणिशास्त्र नाहीतर सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली आपल्याकडची मुलंमुली पुढं एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी, करू की पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी., असं विचारत असतात. माझं मत आहे की जिथं दोन्ही एकत्र शिकायला मिळतं तिथंच जावं. बेळगाव जिल्ह्यात तर आजार एकीकडं आणि पाणी-माती-जंगल दुसरीकडं, अशी वाटणी करून कामच होत नाही.

अथणी, रायबाग, चिकोडीचा उसाचा पट्टा घ्या. लागणीला आणि खोडव्याला युरियाचे हप्ते पडतात, पाणी पाटानं मोकळं सोडलं जातं, आणि पिकानं न उचललेला नायट्रेट मुरून विहिरीत, बोअरमध्ये उतरतो. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. ब्लिचिंग टाकून तो जात नाही, आणि उकळलं तर पाणी आटतं नि प्रमाण उलट वाढतं. वरच्या दुधावरच्या सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला अशा पाण्यात पावडर कालवून दिली, तर रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटते, ओठ-नखं निळसर पडतात. फक्त जंतू तपासणारा माणूस त्याच पाण्याला ‘पिण्यायोग्य’ असा शेरा देऊन मोकळा होतो. मग नायट्रेट कळला म्हणून गावात आरओ बसतो. त्यातून जेवढं शुद्ध पाणी मिळतं तेवढंच, कधी त्याहून जास्त, क्षारांचं पाणी बाहेर पडतं. ते गटारात सोडलं की मुरून परत त्याच भूजलात. ही पूर्ण साखळी एकाच माणसाला दिसायला हवी.

खानापूरच्या जंगलकडेला माकडतापाचंही तसंच. गोचिडी चावून माणसाला होणारा हा विषाणूचा ताप. हा रोग १९५७ साली शिवमोग्ग्याच्या क्यासनूरमध्ये सापडला. पुढं २०१५ मध्ये चोर्ला घाटापलीकडच्या सत्तरीत आणि २०१६ मध्ये दोडामार्गात माणसं आजारी पडली. माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिड्या तिथंच उतरतात, ती जागाच धोक्याची होते. मेलेलं माकड आधी दिसतं वनरक्षकाला नाहीतर काजूच्या बागेत गेलेल्या बाईला. ती खबर प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत त्याच दिवशी पोचली तर उपयोग. त्यासाठी दोन्ही खात्यांची भाषा कळणारा माणूस लागतो.

टिळकवाडीकर

उदाहरणं पटली, निष्कर्ष पटला नाही.

एमपीएचच्या चार सेमिस्टरमध्ये साथरोगशास्त्र, जैवसांख्यिकी, पोषण, माता-बाल आरोग्य, आरोग्य व्यवस्थापन एवढं बसवताना आधीच दमछाक होते. त्यात जलरसायन, हवा, परिसंस्था आणि कायदे घातले की कात्री लागते ती सांख्यिकीला. सांख्यिकी गेली की मागं उरतात पोस्टर आणि वृक्षारोपण. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या निकालानंतर विद्यापीठ अनुदान आयोगानं सगळ्या पदवी वर्गांना सहा महिन्यांचा पर्यावरण अभ्यासक्रम लावला. हेतू उत्तम होता, खरं शिकवायला त्या विषयाचा माणूस नाही आणि हाताला काम नाही, म्हणून तो पाठांतरावर आला. एकत्र पदवीचं तेच होईल अशी मला भीती आहे.

सांख्यिकी का हवी ते जवळच्या उदाहरणावरून सांगतो. बेळगाव, हुबळी-धारवाड आणि कलबुर्गीत काही वॉर्डांना चोवीस तास पाणी दिलं, बाकी शहर चार-आठ दिवसांनी येणाऱ्या पाण्यावर राहिलं. हुबळी-धारवाडला संशोधकांनी दोन्हीकडचे नमुने तपासले. थांबून-थांबून येणाऱ्या नळांच्या ३१.७ टक्के नमुन्यांत ई. कोलाय, म्हणजे विष्ठेतून येणारा जंतू, सापडला, चोवीस तासवाल्यांत फक्त ०.७ टक्के. पर्यावरण शिकलेला माणूस इथंच टाळ्या वाजवेल. पण पाच वर्षांखालच्या मुलांच्या जुलाबांची तुलना केली तेव्हा एकूणात लक्षणीय फरक निघाला नाही. हा दुसरा आकडा काढायला गट कसे जुळवायचे, घरं किती घ्यायची, गोंधळात टाकणारे घटक कसे वेगळे करायचे, हे पक्कं यावं लागतं. ते अर्ध्या पेपरात येत नाही.

शिवाय नोकरी. जाहिरातीत पदवीचं नाव असतं. जोडनाव असलं की ‘समकक्ष’ आहे का, याचा कागद आणा म्हणतात. साखर कारखान्याला सांडपाण्याचा संयंत्र चालवणारा केमिस्ट लागतो. डिस्टिलरीच्या स्पेंट वॉशचा, म्हणजे मद्यार्क काढल्यावर उरलेल्या सांडपाण्याचा, बीओडी (त्यातली घाण कुजवायला जंतूंना लागणारा प्राणवायू) लिटरला चाळीस-पन्नास हजार मिलिग्रॅम असतो. ते सांडपाणी हजारो पट पातळ न करता तपासणीच्या बाटलीत भरलं तर २७ अंशांवर तीन दिवस ठेवेपर्यंत सगळा प्राणवायू संपतो आणि आकडाच निघत नाही. असल्या चुका एकच विषय घासून शिकलेला करत नाही.

वेदगंगा

टिळकवाडीकर सर, तुम्ही दिलेलं हुबळीचं उदाहरण उलट एकत्र शिकण्याच्या बाजूचं आहे. एकूण जुलाबांत फरक नव्हता, पण कमी उत्पन्नाच्या घरांत रक्ती आव कमी आढळली. म्हणजे पाणी सुधारल्याचा फायदा कुणाला झाला, कुणाला नाही आणि का, हे विचारायला नळाचा दाब, गळकी जोडणी, घरातली साठवण आणि मुलाचा आजार, चारही गोष्टी एकाच कागदावर आणाव्या लागतात. पाणी बंद असताना पाइपात दाब नसतो, तेव्हा गळक्या जागेतून शेजारच्या गटारातलं पाणी आत ओढलं जातं. हे अभियंत्याला माहीत असतं. घरी पिंपात साठवलेल्या पाण्यात हात बुडतो, तांब्या बुडतो, हे आरोग्य सेविकेला माहीत असतं. त्याच उघड्या पिंपात एडिस डास अंडी घालतो, म्हणजे पाणीपुरवठ्याचं वेळापत्रकच डेंग्यूचं कारण होऊन बसतं. शंभर घरांमागं अळ्या सापडलेली किती भांडी, हा ब्रेटो निर्देशांक काढायचा आणि शेजारी त्या गल्लीत पाणी किती दिवसांनी येतं ते लिहायचं. दोन रकान्यांचं काम आहे. दोन पदव्यांचे दोन लोक ते सहसा करत नाहीत.

दवाखान्याच्या कचऱ्याचंही असंच. जंतू मारायचे म्हणून सलाइनच्या नळ्या जाळल्या तर क्लोरीनयुक्त प्लॅस्टिकमधून विषारी डायॉक्सिन निघतो. म्हणून २०१६ च्या नियमांत त्या लाल पिशवीत जातात आणि ऑटोक्लेव्ह होतात, म्हणजे दाबाच्या वाफेनं निर्जंतुक केल्या जातात.

समकक्षतेचा मुद्दा मात्र बरोबर आहे. पदवी एमपीएच याच नावाची असावी, पर्यावरण हे विशेषीकरण म्हणून गुणपत्रिकेवर यावं.

अथणीकर

दोन्हीकडचं वाचलं. पदवीच्या नावापेक्षा मुलांना विहिरीवर उभं करणार का, हे मला महत्त्वाचं वाटतं. एकच प्रात्यक्षिक सांगतो, त्यात दोन्ही विषय येतात.

पूर ओसरल्यावरची विहीर घ्या. व्यास ३ मीटर, पाण्याची खोली ४ मीटर. ३.१४ गुणिले व्यासाचा वर्ग गुणिले खोली, भागिले ४, गुणिले १०००. पाणी आलं २८,२६० लिटर. नेहमीचा ठोकताळा म्हणजे हजार लिटरला अडीच ग्रॅम ब्लिचिंग, म्हणजे ७१ ग्रॅम. गावात तेवढंच टाकतात, किंवा अंदाजानं ओंजळभर.

आता हॉरॉक्सचा संच उघडा. कुठल्या पाण्याला किती ब्लिचिंग लागेल ते यातून कळतं. काळ्या कपात सपाट चमचाभर म्हणजे २ ग्रॅम ब्लिचिंग घेऊन आधी थोड्या पाण्यात पेस्ट करायची, मग खुणेपर्यंत पाणी घालून ढवळायचं आणि निवळू द्यायचं. सहा पांढऱ्या कपांत विहिरीचं पाणी. वरची निवळ पिपेटनं पहिल्या कपात एक थेंब, दुसऱ्यात दोन, असं सहाव्यात सहा. प्रत्येक कपाला वेगळी काडी, नाहीतर एकाचा क्लोरीन दुसऱ्यात जातो. अर्धा तास थांबायचं. मग प्रत्येकात स्टार्च-आयोडाइडचे तीन थेंब; क्लोरीन उरला असेल तिथं पाणी निळं होतं. समजा पहिले दोन कप तसेच राहिले आणि तिसरा स्पष्ट निळा झाला. निळ्या झालेल्या पहिल्या कपाचा जो क्रमांक तेवढे चमचे ४५५ लिटरला, असं या संचाचं माप. तर ४५५ लिटरला तीन चमचे, म्हणजे ६ ग्रॅम. आपल्या विहिरीला साधारण ३७३ ग्रॅम. ठोकताळ्याच्या पाचपट! पुराच्या गढूळ पाण्यातले सेंद्रिय पदार्थ आणि अमोनिया क्लोरीन आधी खाऊन टाकतात, जंतूंच्या वाट्याला उरत नाही. म्हणून ब्लिचिंग टाकूनही गावात हगवण सुरूच राहते.

टाकायची पण रीत आहे. एका बादलीत १०० ग्रॅमच्या वर घ्यायचं नाही, म्हणजे इथं चार बादल्या. पेस्ट करून पाऊण बादली पाणी, पाच-दहा मिनिटं चुना खाली बसू द्यायचा, वरचं पाणी दुसऱ्या बादलीत ओतून तीच बादली विहिरीत बुडवून वरखाली हलवायची. खालचा चुना विहिरीत ओतला तर पाणी जड होतं. रात्री, उपसा थांबल्यावर करावं. तासाभरानं पाण्याच्या नमुन्यात ऑर्थोटोलिडीन, म्हणजे उरलेला क्लोरीन रंगानं दाखवणारं द्रावण, घालून पाहायचं. लिटरला अर्धा मिलिग्रॅम क्लोरीन उरला नसेल तर परत. आणि डबा उघडा पडलेलं, ओल लागलेलं ब्लिचिंग असेल तर हा सगळा हिशेबच चुकतो. म्हणून संच त्याच डब्यातल्या पावडरीवर लावायचा, नव्या पुडीवर नाही.

हे एका विद्यार्थ्यानं जूनमध्ये आणि परत ऑगस्टमध्ये केलं, तर ‘गढूळपणा’ हा शब्द त्याला पुस्तकातून पाठ करावा लागत नाही.

टिळकवाडीकर

अथणीकर, एवढ्या तपशिलानं शिकवणार असतील तर मी विरोध कशाला करू? खरं हॉरॉक्स मेडिकल कॉलेजच्या कम्युनिटी मेडिसिनमध्ये वर्षानुवर्षं शिकवतातच. त्यासाठी नवा अभ्यासक्रम कशाला?

मलप्रभा_कणकुंबी

कारण ते शिकणारा डॉक्टर होतो आणि दवाखान्यात बसतो. विहिरीवर जाणारा माणूस वेगळा असतो, आणि त्याला ‘हे पाणी इतकं गढूळ का झालं’ हा पुढचा प्रश्न कुणी शिकवत नाही.

२०१९ च्या ऑगस्टमधला कृष्णेचा पूर आठवा. पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेत येते, दूधगंगा कल्लोळजवळ. शिरोळच्या राजापूर बंधाऱ्यावरून किती पाणी निघालं यावर खाली चिकोडी-अथणीला काय होणार ते ठरतं. पाणी येताना कोल्हापूर, इचलकरंजीचं सांडपाणी, शेतातली खतं, मेलेली जनावरं सगळं घेऊन येतं. आजाराचे आकडे मात्र शिरोळचे कोल्हापूरच्या जिल्हा रोग-सर्वेक्षण कक्षाकडं आणि चिकोडीचे बेळगावकडं. संशयित रुग्णांचा एस नमुना, डॉक्टरांच्या निदानाचा पी, लॅबचा एल, असे तिन्ही फॉर्म दोन्हीकडं एकाच पद्धतीचे आहेत, एकत्र मांडता येतात. पण मांडणी तालुक्याप्रमाणं होते, नदीप्रमाणं होत नाही. वरच्या गावात हगवण वाढली आणि किती दिवसांनी खालच्या गावात वाढली, हे नदीप्रमाणं मांडल्याशिवाय दिसणार नाही. केंद्र सरकारनं २०१९ मध्ये हवामानबदल आणि मानवी आरोग्य असा राष्ट्रीय कार्यक्रम मंजूर केला. जिल्हा पातळीवर त्याचं काम करायला नेमकी हीच माणसं लागणार.

निपाणी_वखार

भाषेचा विषय कुणी काढला नाही म्हणून लिहिते. सीमाभागात सर्वेक्षणाचा कागद दोन्ही भाषांत नसेल तर सांख्यिकी कितीही पक्की असू दे, आकडा चुकणार. ‘जुलाब झाले का?’ असं विचारलं तर काही घरांत जुलाब म्हणजे औषध घेऊन पोट साफ करणं. मग बाई ‘नाही’ म्हणते. ‘हगवण लागली होती का’ आणि कन्नड घरांत ‘भेदी’, असं विचारावं लागतं, आणि लगेच ‘चोवीस तासांत तीन किंवा जास्त वेळा पातळ?’ हे जोडावं लागतं. रक्ताचं वेगळं विचारायचं. प्रश्नावली मराठीत लिहायची, दुसऱ्या माणसानं कन्नडात करायची, तिसऱ्यानं ती परत मराठीत आणायची, आणि दोन मराठी कागद जुळतात का बघायचं. आपल्या मुलांनी कन्नड लिहा-वाचायला शिकावंच, सरकारी नोंदवह्या त्या भाषेत आहेत. हे कुठलाही अभिमान बाजूला ठेवून सांगते.

दुसरं, निपाणीचा तंबाखू. आरोग्यवाला म्हणेल पीकच बंद करा. पर्यावरणवाला मातीचं आणि पाण्याचं बघेल. वखारीत तंबाखू चाळणाऱ्या बाईच्या छातीत जाणारी धूळ आणि दवानं ओल्या पानांतून कातडीत शिरणारं निकोटिन, म्हणजे मळमळ, चक्कर, डोकेदुखी, हे दोघांच्याही यादीत शेवटी येतं. एकत्र अभ्यासक्रमात कामगारांच्या आरोग्याचा स्वतंत्र पेपर नसेल तर निपाणीला त्याचा उपयोग नाही.

टिळकवाडीकर

मग माझी अट लिहून ठेवतो. पहिल्या वर्षात साथरोगशास्त्र आणि सांख्यिकीचे पेपर पूर्ण, एकही तास कमी न करता. पर्यावरण दुसऱ्या वर्षात, आणि प्रबंध मात्र जोड असला पाहिजे: एक पर्यावरणाचं मोजमाप, एक आजाराचं, त्याच घरांतून. प्रवेश घेण्याआधी मुलांनी मागच्या बॅचचे प्रबंध मागून वाचावेत. त्यात नमुना-संख्या कशी काढली याचं अर्धं पान नसेल, तर तिथं जाऊ नये. पदवीचं नाव एमपीएच नसेल तर माझा विरोध कायम.

अथणीकर

मान्य. मग प्रबंधाचा पहिला आराखडा इथंच टाकतो, कुणाला घ्यायचा त्यानं घ्यावा. कृष्णाकाठची शिरोळमधली पाच आणि चिकोडीतली पाच गावं. मे, जुलै, पूर ओसरल्यावर दहा दिवसांत आणि जानेवारी, अशा चार फेऱ्या. प्रत्येक गावात त्याच विहिरी, तेच नळ, तीच घरं. दोन्ही राज्यांतले नमुने एकाच दिवशी, एकाच लॅबमध्ये, नाहीतर फरक नदीचा की लॅबचा ते कळणार नाही. क्लोरीन टाकलेल्या पाण्याच्या बाटलीत आधी सोडियम थायोसल्फेट हवं. नसलं तर वाटेतच क्लोरीन जंतू मारतो आणि अहवाल खोटा चांगला येतो. नमुना बर्फात ठेवून सहा तासांत लावायचा. कल्लोळहून बेळगावला अडीच तास धरा, शिरोळहून त्याहून जास्त. म्हणून दोन गाड्या, सकाळी सहाला सुरुवात, आणि नऊच्या पुढं बाटली भरायची नाही.