बेंच प्रेस : दर सोमवारी कमाल वजन लावून पाहणे ताकदीच्या मुळावर येते का?

मुळाकाठ (धागाकर्ता)

आपल्याकडच्या बहुतेक जिममध्ये सोमवार हा चेस्टचा, म्हणजे छातीच्या व्यायामाचा, दिवस असतो. त्या दिवशी बेंच प्रेसभोवती (बाकावर उताणे पडून वजनाचा रॉड छातीपर्यंत आणून वर ढकलण्याच्या व्यायामाभोवती) जे चालते, त्याविषयी मला एक ठाम मत मांडायचे आहे. सुरुवातीचे सहा-आठ महिने सरले की दर आठवड्याला एका रेपचे (एकदाच खाली आणून वर उचलता येईल असे) कमाल वजन लावून पाहण्याची सवय सोडून द्यावी. बेंचची ताकद कमाल वजनाच्या ७० ते ८५ टक्क्यांदरम्यान केलेल्या स्वच्छ आणि पुरेशा रेप्समधून वाढते. ती किती वाढली हे तीन-चार महिन्यांनी एकदा मोजले तरी पुरते.

नवख्या माणसाची ताकद पहिल्या काही आठवड्यांत झपाट्याने वाढते, याचे मुख्य कारण स्नायू जाड होणे हे नसून मज्जासंस्था ती हालचाल शिकते हे आहे. मोरितानी आणि डी व्रीस या संशोधकांनी १९७९ साली हे प्रयोगाने दाखवले. स्नायूंच्या वाढीचा वाटा त्यानंतर मोठा होत जातो, आणि ते काम संथ असते. दर आठवड्याला अडीच किलो म्हणजे वर्षाला १३० किलो. इतकी वाढ कोणाच्याही शरीराला झेपणारी नाही. तरीही पहिल्या तीन महिन्यांचा वेग मनात धरून माणसे पुढची दोन वर्षे त्याच अपेक्षेने रॉडखाली आडवी होतात.

शंभर किलोवर अडकलेला माणूस जरा जवळून पाहावा. रॉड छातीवर आपटून उसळवला जातो, चार बोटे वर आला की थबकतो, कोपरे बाहेर फाकतात, कंबर बाकावरून सुटते, आणि डोक्याशी सपोर्टला उभा असलेला मित्र ‘तूच मारतोयस, तूच मारतोयस’ असे ओरडत दोन्ही हातांनी रॉड वर ओढत असतो. वहीत १०० लिहिले जातात. त्यातले मित्राने किती उचलले हे कोणालाच सांगता येत नाही. एवढ्या झटापटीनंतर त्या दिवशीचे उरलेले सेट (सलग रेप्सच्या फेऱ्या) कसेबसे उरकले जातात. ताकद ज्या कामातून येणार होती, तेच काम कमी पडते.

माझ्या मते आठवड्यातून दोनदा बेंच करावे. एके दिवशी साधारण ७५ टक्के वजनावर पाच रेप्सचे पाच सेट करावेत आणि प्रत्येक रेपला रॉड छातीवर क्षणभर पूर्ण थांबवावा. दुसऱ्या दिवशी त्याहून हलके वजन घेऊन आठ-आठ रेप्स कराव्यात. दोन सेटमध्ये निदान तीन मिनिटे विश्रांती घ्यावी. पाचही सेट नीट पूर्ण झाले की अडीच किलो वाढवावेत. कमाल वजनाचा अंदाज हवाच असेल तर एप्लीचे सूत्र आहे : रेप्सच्या संख्येला ३० ने भागून त्यात १ मिळवावा आणि उत्तराने वजनाला गुणावे. ८० किलोच्या पाच रेप्स निघत असतील तर कमाल वजन ९३ किलोच्या आसपास येते.

रॅक_कमांड

मी पॉवरलिफ्टिंगच्या (स्क्वॉट, बेंच आणि डेडलिफ्ट यांत जास्तीत जास्त वजन उचलण्याच्या) स्पर्धांमध्ये उतरतो आणि या मताशी मुळातच असहमत आहे. जड वजनाचा एक रेप हे स्वतंत्र कौशल्य आहे, आणि कोणतेही कौशल्य सरावावाचून टिकत नाही. स्पर्धेत तीनच प्रयत्न मिळतात. पंचाचा ‘स्टार्ट’ हा हुकूम ऐकू आल्याशिवाय रॉड खाली आणता येत नाही, छातीवर तो निश्चल झाल्यावरच ‘प्रेस’ मिळते आणि हात ताठ झाल्यावर ‘रॅक’ ऐकेपर्यंत रॉड तोलून धरावा लागतो. ज्याने कित्येक महिने ९० टक्क्यांपुढचे वजन हातात धरलेले नाही, त्याचे मनगट, खांदा आणि मन ही तिन्ही त्या क्षणी बिचकतात. ७५ टक्के वजनाला रॉड थोडा पुढे-मागे गेला तरी निभावून जाते. ९५ टक्क्यांना तीच चूक रेप बुडवते. आपली चूक नेमकी कुठे आहे हे जड वजनच दाखवून देते.

सूत्राचीही एक मर्यादा आहे. काहींना ८० टक्के वजनाच्या पाचच रेप्स जमतात, तर काही जण त्याच टक्क्यांवर दहापर्यंत जातात. दोघांना एकच सूत्र लावले तर एकाचा तरी हिशेब चुकणारच. इव्हान अबाजिएव्ह या बल्गेरियन प्रशिक्षकाचे वेटलिफ्टर जवळजवळ रोज कमाल वजनापर्यंत जात आणि त्यांनी ऑलिंपिक पदके जिंकली, हेही विसरून चालणार नाही. तुम्ही वर्णन केलेल्या प्रसंगात दोष सपोर्ट देणाऱ्याच्या हातांचा आहे. त्याचे खापर जड वजनावर कशासाठी फोडायचे?

मुळाकाठ

बल्गेरियाचे उदाहरण बेंचला लागू पडत नाही. स्नॅच आणि क्लीन अँड जर्क या वेटलिफ्टिंगच्या दोन प्रकारांत वजन वर गेले की ते खाली टाकून देता येते. बेंचमध्ये तेच वजन आवरत, सावकाश छातीपर्यंत आणावे लागते, आणि छातीच्या व खांद्याच्या पुढच्या स्नायूंवर त्याचा ताण मोठा असतो. शिवाय ते खेळाडू पूर्ण वेळ खेळाडू होते. खाणे, झोप आणि सराव याखेरीज त्यांना दुसरा व्याप नव्हता. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये उत्तेजक चाचणीत दोन बल्गेरियन सुवर्णविजेत्यांची पदके गेली आणि संघाने स्पर्धेतून माघार घेतली, हाही त्याच पद्धतीच्या इतिहासाचा भाग आहे. सकाळी लोकल पकडून संध्याकाळी सातला जिममध्ये पोहोचणाऱ्या माणसापुढे तो नमुना ठेवणे मला योग्य वाटत नाही.

संयमाचे उदाहरण हवे असेल तर पॅरालिंपिककडे पाहावे, कारण तिथे पॉवरलिफ्टिंग म्हणजे फक्त बेंच प्रेस. इराणच्या सियामंद रहमानने २०१२ साली लंडनमध्ये २८० किलो उचलून सुवर्ण मिळवले आणि २०१६ साली रिओमध्ये ३१० किलोंवर पुन्हा सुवर्ण मिळवले. पॅरालिंपिकमधल्या सर्वांत बलवान बेंचकर्त्याच्या या दोन सुवर्णांमध्ये चार वर्षे आणि ३० किलोंचे अंतर आहे. आपण मात्र एका महिन्यात पाच किलो वाढले नाहीत म्हणून वेळापत्रक बदलून टाकतो.

चांदणवेल

दोन्ही बाजू शंभर किलो उचलणाऱ्या पुरुषाला समोर ठेवून बोलत आहेत, म्हणून मला वेगळे म्हणणे मांडायचे आहे. मी ३५ किलोने बेंच करते. ‘अडीच किलो वाढवा’ हा सल्ला शंभर किलोवाल्यासाठी अडीच टक्क्यांचा असतो, माझ्यासाठी तो सात टक्क्यांचा होतो. त्यातही अनेक जिममध्ये सव्वा किलोच्या प्लेट (रॉडच्या टोकांना लावायच्या वजनाच्या चकत्या) नसतातच. सर्वांत लहान प्लेट अडीचची असली तर दोन्ही बाजू मिळून थेट पाच किलोंची उडी घ्यावी लागते. मग बाईची ताकद वाढत नाही असा निष्कर्ष काढला जातो. प्लेटांच्या मांडणीकडे कोणी पाहत नाही.

वजन वाढवण्याआधी रेप्स वाढवाव्यात, हे माझे म्हणणे आहे. पाच रेप्सवर सुरू करून त्याच वजनाने सगळे सेट आठ-आठ रेप्सचे होईपर्यंत थांबावे, आणि मगच पुढची प्लेट चढवून पुन्हा पाचवर यावे. अर्ध्या किलोच्या प्लेट स्वतः विकत घेऊन पिशवीत ठेवल्या तर आणखी उत्तम. रॉडसुद्धा एकदा वजनकाट्यावर ठेवून पाहावा. पुरुषांचा ऑलिंपिक रॉड २० किलोंचा असतो हे खरे. पण जिममधला प्रत्येक रॉड ऑलिंपिक नसतो, आणि जिम बदलल्यावर ताकद ‘घटल्याचे’ कारण बरेचदा एवढेच असते.

मुळाकाठ यांच्या पाच बाय पाचच्या आग्रहाला म्हणूनच माझा विरोध आहे. पाच ही संख्या ज्याच्याकडे लहान प्लेट आहेत त्याच्या सोयीची आहे.

तालीमकर

टक्के आणि रेप्स यांच्यावर एवढा खल चालला आहे, पण ताटाबद्दल अजून कोणीच बोललेले नाही. मी तालमीत वाढलो. तिथे जोर-बैठका रोज ठरलेल्या संख्येने होत, त्यात कमाल वजन वगैरे प्रकार नव्हता, आणि खुराकाचा हिशेब मात्र वस्ताद स्वतः पाहत. बेंचवर वर्षानुवर्षे एकाच आकड्यावर थांबलेल्या पोरांना मी स्वतःचे वजन विचारतो. तेही तितकीच वर्षे तिथेच असते.

२०१८ साली अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातून असे दिसले, की शरीराच्या दर किलोमागे रोज सुमारे १.६ ग्रॅम प्रथिनांपर्यंत फायदा होतो, त्यापुढे फारसा नाही. ६० किलोच्या मुलाला हे ९६ ग्रॅम होतात. सकाळी पोहे आणि चहा, दुपारी वरण-भात, रात्री भाजी-पोळी एवढ्यावर तो आकडा निम्म्यापर्यंतही जाणे कठीण आहे. शाकाहारी घरात दही, पनीर, उसळी आणि सोयाबीनच्या वड्या ठरवून वाढवाव्या लागतात. कोरड्या वड्यांत वजनाच्या निम्म्याच्या आसपास प्रथिने असतात. वर्षभरात अंगावर चार किलो चांगले चढले तर तुम्हा दोघांच्याही पद्धतीने रॉड हलेल. ते चढले नाहीत तर दोन्ही पद्धती लवकरच अडतील.

रॅक_कमांड

तालीमकर यांचे म्हणणे वजनगटात राहणाऱ्या खेळाडूला तसेच्या तसे लागू होत नाही. स्पर्धेत गट ठरलेला असतो, आणि अंगावर चार किलो चढले तर वरच्या गटातल्या अधिक बलवान लोकांशी गाठ पडते. तेव्हा त्याच वजनात ताकद वाढवायची असेल तर तंत्र आणि जड वजनाचा सराव हेच मार्ग उरतात.

मुळाकाठ यांना एवढेच विचारायचे आहे : आठवड्यातून एकदा, सपोर्ट देणाऱ्याने रॉडला बोटही न लावता, ९० टक्क्यांचा एकच रेप छातीवर थांबवून केला आणि मग तुमचे पाच बाय पाच केले, तर नुकसान कोणते? तो रेप अडणार नाही इतकाच जड असतो, आणि त्याने पुढचे सेट बिघडत नाहीत.

मुळाकाठ

स्पर्धकाचे नुकसान काहीच नाही, आणि त्याने तो रेप जरूर करावा. ज्याला स्पर्धेत उतरायचे नाही, त्याच्यासाठी मात्र मी याही गोष्टीला नकार देईन. कारण जिमच्या गर्दीत ९० टक्क्यांवर थांबणारी माणसे मला फार थोडी दिसतात. ९० नंतर ९५, आणि ९५ नंतर मित्राच्या हातांनी वर गेलेले १००, असा तो प्रवास होतो. चांदणवेल यांची रेप्स आधी वाढवण्याची पद्धत ६० किलोंच्या आत बेंच करणाऱ्या कोणालाही माझ्या पद्धतीपेक्षा सोयीची आहे, त्यात पुरुषही आले.

चांदणवेल

६० च्या आतच का? लहान प्लेट नसलेल्या जिममध्ये ८० किलोवाल्यालाही पाच किलोंची उडी सहा टक्क्यांहून जास्त पडते. मर्यादा घालायची तर ती जिममधल्या सर्वांत लहान प्लेटवरून घालावी.